आपला नायक कोणाच्या मालकीचा?



वाचनालयाच्या तासाला एक तक्रार आमच्या कानावर वरचेवर येते. आवडत्या चित्रकथेतला नायक कालपर्यंत एक होता, आज तो निराळाच झाला आहे. त्याचे लग्न झाले होते, ते आता झालेच नव्हते असे सांगतात. तो मेला होता, तो आता परत आला. मुले विचारतात, "सर, हे ठरवतं तरी कोण? आम्हाला कुणी विचारलं का?" मोठी माणसे अशा वेळी हसतात आणि "गोष्टच ती, मनाला काय लावून घेतोस" असे म्हणून विषय संपवतात. आम्हाला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. ज्या मुलाने एखादी कथा पाच वर्षे मन लावून वाचली, त्याचा राग हा त्याच्या वाचनाचाच पुरावा आहे. म्हणून या अंकात या रागामागची कारणे समजावून घेऊ. संपादक असे निर्णय का घेतात, वाचक का चिडतात, आणि कोणाचे कुठे बरोबर आहे, हे पाहू.

वेताळ आपल्या घरी कसा आला

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. आजच्या विद्यार्थ्यांचे आजोबा-आजी आणि पुष्कळांचे आई-वडील ज्या चित्रकथांवर वाढले, त्या म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडिया वृत्तपत्र काढणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली. इंग्रजीबरोबर ती हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही निघाली. त्यांत कन्नडही होती. आपल्या सीमाभागात या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. एकाच गल्लीतला एक मुलगा मराठी अंक वाचत असे आणि शेजारचा कन्नड. भाषा दोन असल्या तरी दोघांचा नायक एकच होता.

तो नायक म्हणजे वेताळ. पहिले ३२ अंक केवळ त्याच्याच कथांचे होते. त्यानंतर जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन असे इतर नायक आले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा अस्सल भारतीय नायक आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण दरोडेखोरांशी लढत असे. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे पाहूनच पुष्कळांनी अंक घेतले असतील.

आता मजा पाहा. वेताळ हे त्याचे मूळ नाव नव्हेच. अमेरिकेतील लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रातील चित्रमालिकेत त्याला जन्म दिला, तेव्हा त्याचे नाव फँटम होते. आपल्याकडे त्याचे बारसे संपादकांनी केले. विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगणारा वेताळ आपल्या मुलांना ठाऊक होताच. कोकण-गोव्यात तर वेताळ हा गावचा राखणदार देव. जंगलात राहणारा, कधी न मरणारा, दुष्टांना धाक घालणारा हा परदेशी नायक त्या नावात असा चपखल बसला, की तो मुळात परका होता हे विसरायला झाले.

हा झाला संपादकाचा एक निर्णय. दुसरा याहून नाजूक होता. मूळ मालिकेतील वेताळाचे जंगल ज्या प्रदेशात होते त्याचे नाव बंगालच्या नावाशी फार मिळतेजुळते होते. भारतात ते नाव तसेच छापले तर बंगाली वाचकांचा गैरसमज होण्याचा धोका होता. म्हणून इंद्रजालमध्ये त्या प्रदेशाचे नाव 'डेंकाली' झाले. वेताळाच्या घराण्याचे जुने वैरी म्हणजे समुद्री चाचे. मुळात त्यांचे नाव 'सिंग' होते. भारतात हे लक्षावधी लोकांचे नाव, म्हणून ते 'सिंगा' झाले. तिसरा निर्णय कात्रीचा. वृत्तपत्रातील मालिका रोज तीन-चार चौकटींची असते. अशा शेकडो चौकटी ठरावीक पानांच्या पुस्तकात बसवायच्या, तर काही चौकटी कापाव्या लागत, काही गाळाव्या लागत. पुढे मूळ मालिका मिळवून वाचणाऱ्या चोखंदळ संग्राहकांना ही काटछाट खटकली. त्यांची तक्रार रास्त आहे, कारण गाळलेल्या चौकटीत कधी एखादा विनोद असतो, कधी पुढच्या घटनेचा धागा असतो.

म्हणजे संपादकाची कात्री आणि वाचकाची कुरकुर ही काही आजची गोष्ट नाही. आपण ज्या काळाला चित्रकथांचा सुवर्णकाळ म्हणतो त्या काळातही ती होतीच.

अडचण कुठे येते

साध्या कादंबरीला शेवट असतो. शेवटचे पान उलटले की नायक आपल्या जागी स्थिर होतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या चित्रकथेला शेवट नसतो, आणि सगळी अडचण इथून सुरू होते. तिची तीन कारणे आहेत.

पहिले कारण काळाचे. वाचक मोठा होतो, नायक होत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ साली 'सकाळ'मध्ये आला. त्याच्याबरोबर हसणारी मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली, पण चिंटू शाळेतच राहिला. विनोदी मालिकेत हे चालून जाते, कारण तिथे प्रत्येक दिवसाची गंमत त्या दिवशीच संपते. पराक्रमाच्या कथेत मात्र एका घटनेतून दुसरी निघते. मित्र मरतो, शत्रू सूड घेतो, प्रेम जमते, लग्न होते. घटना घडत गेल्या की वय वाढल्यासारखे वाटतेच. कथा पुढे न्यायची आणि नायकाला मात्र तरुण ठेवायचे, अशी ही कसरत आहे.

दुसरे कारण मालकीचे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. त्याचे सर्व हक्क त्यांनी १९३८ साली १३० डॉलरना प्रकाशकाला विकले. तेव्हापासून सुपरमॅनने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे गेला. स्पायडरमॅन १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केला, पण तोही कंपनीचाच. अशा नायकाच्या कथा आजवर कितीतरी लेखकांनी लिहिल्या. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, नायक कंपनीकडे राहतो, आणि या सर्वांना धरून ठेवणारा माणूस म्हणजे संपादक. याउलट ली फॉक यांनी वेताळाच्या आणि मँड्रेकच्या कथा १९९९ साली मृत्यू येईपर्यंत लिहिल्या. ६० वर्षांहून अधिक काळ एकच हात! त्यामुळे त्या कथांत कालचे आज विसरले जाण्याचा प्रसंग क्वचितच येई.

तिसरे कारण पैशाचे आणि नव्या वाचकाचे. दर महिन्याला अंक खपला पाहिजे. जुना वाचक म्हणतो, मला सगळे आठवते, ते सांभाळा. नवा वाचक म्हणतो, मागचे ५०० अंक मी कुठून आणू, मला इथूनच गोष्ट सांगा. दोघांचेही म्हणणे खरे आहे. दोघांनाही खूश ठेवताना संपादकाची त्रेधा उडते, आणि त्यातून कधी कधी असे निर्णय होतात की दोघेही नाराज होतात.

तीन गाजलेली प्रकरणे

आता परदेशातील तीन प्रसंग पाहू. या नायकांचे चित्रपट आपल्या मुलांना पाठ आहेत, पण चित्रकथांत काय घडले हे सर्वांना ठाऊक नसते.

पहिला प्रसंग रॉबिनचा. बॅटमनच्या या तरुण साथीदाराचे नाव पुढे जेसन टॉड या दुसऱ्या मुलाने धारण केले. तो काही वाचकांना आवडेना. १९८८ साली प्रकाशकांनी एक अजब गोष्ट केली. जोकर या खलनायकाने लावलेल्या स्फोटात जेसन सापडतो, इथे कथा थांबवली आणि दोन दूरध्वनी क्रमांक छापले. एका क्रमांकावर फोन केला तर जेसन जगावा असे मत, दुसऱ्यावर केला तर मरावा असे मत. प्रत्येक फोनला पैसे पडत होते. मरावा म्हणणारी मते पडली ५,३४३ आणि जगावा म्हणणारी ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एका मुलाचा मृत्यू ठरला. संपादक डेनिस ओनील यांच्यावर टीका झाली. एकाच माणसाने पुष्कळ फोन केले असावेत, अशीही चर्चा पुढे झाली.

मुलांनो, हे उदाहरण नीट ध्यानात ठेवा. "आम्हाला कुणी विचारलं का?" असा आपला प्रश्न होता. इथे तर वाचकांनाच विचारले होते! तरीही समाधान झाले नाही. का? कारण कथा म्हणजे निवडणूक नव्हे. पात्राच्या वागण्यातून जे यायला हवे ते बेरजेतून आले, ही गोष्ट जगावा म्हणणाऱ्यांना तर टोचलीच, पण मरावा म्हणणाऱ्यांतही काहींना नंतर चुकचुकल्यासारखे वाटले असेल.

दुसरा प्रसंग सुपरमॅनचा. लेखकमंडळींनी सुपरमॅन आणि लुईस लेन यांच्या लग्नाची तयारी केली होती. तेवढ्यात त्याच जोडीवर दूरदर्शन मालिका येणार असे ठरले. लग्न दोन्हीकडे बरोबरीने व्हावे म्हणून चित्रकथेतील लग्न पुढे ढकलण्यात आले. आता हाती आलेल्या रिकाम्या महिन्यांत काय करायचे? त्यांनी सुपरमॅनला मारले! नोव्हेंबर १९९२ मध्ये तो अंक काळ्या बंद पिशवीत आला. आत दंडाला बांधायची काळी फीतही होती. लाखो प्रती खपल्या. पुष्कळांनी पिशवी न फोडता अंक जपून ठेवला, पुढे सोन्याच्या भावाने विकू म्हणून. पण जी वस्तू लाखो लोकांकडे आहे तिला सोन्याचा भाव कसा येणार? शिवाय १९९३ साली सुपरमॅन परतही आला. लग्न अखेर १९९६ साली दोन्हीकडे लागले. वाचकांनी खरोखर शोक केला होता, आणि त्या शोकाचे मूळ दूरदर्शनच्या वेळापत्रकात होते हे कळल्यावर त्यांना फसल्यासारखे वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तिसरा प्रसंग स्पायडरमॅनचा, आणि आमच्या मते सर्वांत बोलका. पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचे लग्न १९८७ साली झाले. २० वर्षे वाचकांनी त्यांचा संसार पाहिला. पण मुख्य संपादक जो केसाडा यांना वाटे, की लग्न झालेला पीटर प्रौढ दिसतो आणि त्यामुळे कथेच्या वाटा बंद होतात. घटस्फोट दाखवला तर तो आणखीच प्रौढ दिसणार. म्हणून २००७ साली एक कथा आली. पीटरची मे काकू गोळी लागून मरणाच्या दारात आहे. एक सैतानी शक्ती पीटर आणि मेरी जेनला सांगते, काकूचा जीव वाचवतो, मोबदल्यात तुमचे लग्न द्या. दोघे ते देतात आणि लग्न झालेच नव्हते असे जग तयार होते. ज्या लेखकाच्या नावावर ती कथा आली, त्या जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनीही तिच्या शेवटाबद्दलची आपली नाराजी उघडपणे सांगितली.

वाचक भडकले. त्यांना लग्न मोडल्याचे दुःख झालेच, पण राग त्याहून खोल होता. स्पायडरमॅनची पहिली कथा आठवा. समोरून पळणाऱ्या चोराला तो अडवत नाही, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. जबाबदारी टाळल्याची किंमत मोजावी लागते, या एका गोष्टीवर तो नायक उभा आहे. असा नायक संकटात सैतानाशी सौदा करून मोकळा होतो, हे वाचकांना पटेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की तुम्ही आमच्या नायकाला तरुण केलेत, पण तो आमचा नायक राहिला नाही.

राग योग्य की अयोग्य, कसे ओळखावे

या सर्व उदाहरणांवरून आम्ही तीन प्रश्न काढले आहेत. एखादा बदल खटकला तर आधी हे प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न, बदलाचे कारण कथेच्या आत आहे की बाहेर? वेताळाने डायना पामरशी लग्न केले १९७७ साली, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर ४१ वर्षांनी. पुढे १९७९ साली त्यांना किट आणि हेलॉइस अशी जुळी मुले झाली. या बदलाला कथेतच कारण होते. वेताळ हे पद बापाकडून मुलाकडे जाते, आपला वेताळ २१ वा. तो अविवाहित राहिला तर २२ वा कुठून येणार? म्हणून तो बदल कथेच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. सुपरमॅनच्या मरणाचे कारण मात्र बाहेरचे होते.

दुसरा प्रश्न, नायकाचा स्वभाव टिकला का? डेंकाली हे नाव बाहेरच्या कारणाने आले खरे, पण त्यामुळे वेताळाच्या स्वभावाला धक्का लागला नाही. तो तसाच न्यायी, तसाच निर्भय राहिला. म्हणून वाचकांनी ते नाव आपले मानले. बाहेरचे कारण असले म्हणजे निर्णय वाईटच, असे नव्हे.

तिसरा प्रश्न, वाचकाने जे वाचले ते पुसले गेले का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जेसन टॉडच्या मृत्यूनंतर बॅटमनने त्याचा पोशाख काचेच्या कपाटात जपून ठेवला. ते दुःख पुढे कितीतरी कथांत उरले. निर्णय कसाही झाला असो, त्याचा परिणाम कथेने प्रामाणिकपणे वागवला. पुढे २००५ साली जेसन परत आला, आणि त्याचे स्पष्टीकरण काय दिले, तर दुसऱ्या एका पात्राने विश्वाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्यामुळे तो जिवंत झाला! यावर वाचक हसले तर नवल नाही. स्पायडरमॅनच्या बाबतीत तर २० वर्षांचा संसार एका रात्रीत पुसला गेला. ज्यांनी तो वाचला होता त्यांना जणू सांगण्यात आले, की तुम्ही वाचलेत ते घडलेच नाही.

इथेच आम्हाला या विषयाचे मर्म दिसते. नायकाचे हक्क कंपनीकडे असतात, लेखणी लेखकाकडे असते, कात्री संपादकाकडे असते. पण मागच्या अंकाचा पुढच्या अंकाशी असलेला दुवा कोणाकडे असतो? तो वाचकाच्या आठवणीत असतो. लेखक बदलले, संपादक निवृत्त झाले, तरी दहा वर्षांपूर्वीचा अंक आठवणारा वाचक तिथेच असतो. दीर्घ मालिकेचा खरा साठा त्याच्या डोक्यात असतो. तो साठा नाकारला की त्याला अपमान वाटतो. कायद्याने त्याचा काही हक्क नसेल, पण त्याचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे नक्कीच आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे तर एकाच रामकथेची किती रूपे आहेत, त्यांवर कोणी चिडत नाही. कीर्तनकार आख्यान रंगवताना प्रसंग वाढवतात, दशावतारात तर संवाद रंगमंचावरच सुचतात. हे खरे आहे. पण तिथे प्रत्येक जण आपल्या परीने तीच कथा नव्याने सांगत असतो. दुसऱ्याने सांगितले ते घडलेच नाही, असे तो म्हणत नाही. चित्रकथेतही हे करता येते. २००४ साली भारतात पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन आला. तो खेड्यातून मुंबईला आलेला, धोतर नेसणारा मुलगा होता. त्याने मूळ पीटर पार्करला पुसले नाही, तो शेजारी येऊन उभा राहिला. आपल्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचेही तसेच झाले. फुरसुंगीचा हा शाळकरी बनेश २०१७ सालच्या चित्रपटात तरुण होऊन आला. पुस्तकातला फेणे ज्यांच्या मनात पक्का बसला आहे अशांना हा थोराड फेणे पटणे कठीण गेले असेल. पण घरी जाऊन पुस्तक उघडले की मूळचा फेणे जिथल्या तिथे सायकलवर स्वार आहे! नवे रूप देणे वेगळे आणि जुने पुसणे वेगळे. हा फरक आपण शिकण्यासारखा आहे.

वाचकाचा राग काय करू शकतो

वाचकाच्या रागाला फळ येते का? येते, पण सावकाश. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून संपवले. त्यांना इतर लेखन करायचे होते. इंग्लंडमधील वाचक हळहळले, अनेक वर्गणीदारांनी मासिक बंद केले. १९०१ साली डॉइल यांनी होम्सच्या मृत्यूपूर्वीची म्हणून एक कथा लिहिली आणि १९०३ साली तर त्याला जिवंतच केले. स्पायडरमॅनच्या बाबतीत १७ वर्षे गेली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने एक निराळी मालिका सुरू केली. तिच्यात पीटर पार्कर वयाने मोठा, मेरी जेनचा नवरा आणि दोन मुलांचा बाप आहे. पहिल्या अंकाच्या अनेक आवृत्त्या काढाव्या लागल्या. संसारी नायक कोणी वाचणार नाही, ही भीती निदान त्या मालिकेपुरती खोटी ठरली.

पण रागाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही वाचक लेखकांना शिवीगाळ करतात, धमक्या देतात. हे वाचनाचे लक्षण नव्हे. संपादकही माणूस असतो, त्याच्यापुढे छपाईची तारीख असते, मालकाचा तगादा असतो. आपल्याला आवडली नाही म्हणजे कथा वाईट, असेही नसते. वाचकांनी सांगितले तेच लिहायचे ठरवले, तर कथेत आश्चर्य उरणार नाही, आणि आश्चर्यावाचून चित्रकथा कोण वाचेल?

म्हणून तक्रार करावी, पण ती वाचकाची असावी. "तुम्ही वाट लावली" असे म्हणू नये. "अमुक अंकात नायक असे वागला होता, या अंकात तो उलटा वागतो, मधला दुवा आम्हाला सापडला नाही" असे लिहावे. असे पत्र लिहायला मागचे अंक पुन्हा वाचावे लागतात, पुरावा काढावा लागतो, मुद्दा मांडावा लागतो. भाषेच्या तासाला आम्ही याहून निराळे काय शिकवतो?

आपल्या वाचनालयापुरते

आता विश्वस्त मंडळाला आणि पालकांना दोन शब्द. इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद झाले. आठशेच्या घरात अंक निघाले होते. बंद करण्याचा निर्णय व्यवसायाचा होता, आणि गावोगावच्या वाचकांना त्यात विचारणा होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी वेताळ आज आठवणीत आहे, तो का? कारण कोणीतरी ते अंक माळ्यावर जपले, भाच्या-पुतण्यांना दिले, रद्दीवाल्याकडून परत विकत आणले. प्रकाशकाने सोडलेली गोष्ट वाचकांनी सांभाळली.

आपण कर्नाटकात राहून मराठी शिकतो आणि शिकवतो. मराठीतले वाचनीय साहित्य इथे जितके हाताशी राहील तितके हवेच आहे, आणि लहान मुलाला भाषेची गोडी लावायला चित्रकथेइतका सोपा जिना नाही. फुग्यातले चार शब्द वाचता वाचता मूल पान वाचू लागते. तेव्हा आमचे म्हणणे असे, की वाचनालयातून जुनी पुस्तके आणि मासिके काढायची वेळ येईल तेव्हा त्यांची यादी महिनाभर फलकावर लावावी. मुलांना आणि पालकांना आपले म्हणणे लिहून द्यायला सांगावे. अंतिम निर्णय अर्थातच मंडळाचा राहील. जागेची आणि पैशाची अडचण आम्हालाही समजते. पण निर्णयाचे कारण सर्वांना सांगितले, तर तो पटला नाही तरी त्यात अपमान वाटत नाही. वर पाहिलेल्या सर्व संपादकांच्या गोष्टींतून आम्ही तरी हाच बोध घेतला. ज्यांच्या घरी जुने मराठी इंद्रजाल, चांदोबा किंवा इतर चित्रकथा असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचनालयात दाखवाव्यात, ही विनंती.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या आवडत्या नायकाच्या बाबतीत जो निर्णय तुम्हाला खटकला, त्याविषयी संपादकाला उद्देशून एक पानी पत्र लिहा. वरचे तीन प्रश्न त्याला लावून पाहा. इयत्ता पाचवी ते दहावीचे कोणीही लिहू शकेल. निवडक पत्रे आम्ही पुढील अंकात छापू. जागेअभावी काही ओळी गाळाव्या लागल्या, तर कोणत्या आणि का हे छापण्यापूर्वी तुम्हाला सांगू.